बावीस तासांचे काका

सिंगापुरात यिशुनच्या त्या घरात मी पावणेतीन वर्षं भाड्याने राहिले आणि त्यातला बराचसा काळ घरमालकांवर चिडलेली होते. नात्याने ते माझे कुणी नव्हते, पण सगळे काका म्हणत म्हणून मीही म्हणायचे. आता सेंगकांगला स्वतःच्या संसारात स्थिरावल्यावर मला त्या चिडण्याचीच फार आठवण येते. इथे कुणी मला तेवढा राग आणतच नाही.

पुण्याहून येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. मराठी लोकांच्या एका ग्रुपवर जाहिरात दिसली, "यिशुनला खोली भाड्याने. स्टेशनपासून अकरा मिनिटं, माझ्या चालीने. पंखा आवाज करतो." अशी जाहिरात देणारा माणूस आहे तरी कसा, खरं तर हे बघायलाच मी गेले होते. दारात उंच, वाळकुडे, खिशात पेन्सिल लावलेले काका उभे होते. त्यांनी मला खोली दाखवली, म्हणजे खोलीतले दोष एकेक करून दाखवले.

"खिडकीतून ऊन येतं, चार वाजून दहा मिनिटांपासून पावणेसहापर्यंत. शेजारचे गृहस्थ पहाटे खोकतात. कपाटाचं डावं दार लागत नाही. मी तीनदा दुरुस्त केलं, तरी लागत नाही. हा पलंग साडेसहा फुटी म्हणून विकत घेतला. आहे सहा फूट चार इंच."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, भाडेकरू आणायचाय की हाकलायचाय?"

"मी माहिती देतोय."

"द्या. आणि मग खोली रिकामी ठेवून त्या पंख्याचा आवाज ऐकत बसा दोघं. तुम्ही आणि पंखा."

त्या काकू. मी त्याच दिवशी खोली पक्की केली. जो माणूस शेजाऱ्याचा खोकलासुद्धा लपवत नाही त्याच्या घरी आणखी काय धक्के बसणार, असं मला वाटलं होतं. माझा भाबडेपणा, दुसरं काय.

काका वजनकाटे दुरुस्त करत. तीस वर्षांपूर्वी मिरजेचा एक कारखाना सोडून ते सिंगापूरला आले आणि एका छोट्याशा कंपनीत लागले ते तिथेच राहिले. मालकाला इथे तौके म्हणतात. तो तौके, काका आणि आणखी दोन मेकॅनिक, एवढीच ती कंपनी. मार्केटमधले मासळीचे, भाजीचे काटे, किराणा दुकानातले काटे, दवाखान्यात तान्ही बाळं ज्यात ठेवतात ते काटे, सगळे यांच्या हातून जायचे. वर्षातून एकदा सरकारी शिक्का लागायचाच, पण मधल्या काळात पाण्याने, मिठाने काटा सरकला की काकांना ते सहन व्हायचं नाही. इथल्या जुन्या हातातल्या तराजूला डाचिंग म्हणतात, म्हणून मार्केटमध्ये ते 'डाचिंग अंकल' होते. पितळी वजनांची एक पेटी त्यांनी मिरजेहून येताना आणली होती. ती कपाटावर असायची आणि तिच्यावरची धूळ पुसायचीही इतरांना परवानगी नव्हती.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या याचा मला पगार मिळतो. काका तेच काम घरी फुकट करत. "थोडा भात वाढू?" असं काकूंनी विचारलं की हे विचारणार, "थोडा म्हणजे किती?" मग काकू अख्खा डाव ताटात उपडा करत आणि म्हणत, "एवढा." मी ऑफिसातून येऊन सहज "आज ट्रेनला मरणाची गर्दी होती" म्हटलं, तर "तुझ्या डब्यात उभे किती होते?" माझ्या आईला फोनवर "काका फार चांगले आहेत" असं मी म्हणाले ते त्यांनी ऐकलं आणि नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, "फार नाही. बरा आहे."

एकदा मी दिवाळीसाठी पुण्याला निघाले. बॅग काकांनी स्वतः तोलून दिली आणि विमानतळावर सोडायलाही आले. तिथल्या काउंटरवरच्या काट्याने बॅग सातशे ग्रॅमने जास्त दाखवली. मी मुकाट्याने दोन साड्या काढून खांद्यावरच्या पिशवीत कोंबायला लागले. काकांनी माझा हात धरला.

"काढू नकोस. बॅग बरोबर आहे. काटा चुकलाय."

"काका, दोन साड्यांचा प्रश्न आहे."

"साड्यांचा नाहीच आहे."

त्यांनी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, तिने तिच्या साहेबांना बोलावलं, मागची रांग चुळबुळ करायला लागली. मी "माझं विमान, काका, माझं विमान" असं पुटपुटत होते. "विमान तुझं आहे, काटा सगळ्यांचा आहे," असं म्हणून त्यांनी माझी बॅग उचलून शेजारच्या काउंटरवर ठेवायला लावली. तिथे ती बरोबर भरली. साहेबांनी पहिला काटा बंद करायला सांगितला. काकांनी विजयी वगैरे काही चेहरा केला नाही. त्यांनी फक्त विचारलं की आज सकाळपासून इथे ज्यांच्या बॅगा तोलल्या त्यांना आता कसं कळवणार. मी सगळ्यांत शेवटी विमानात चढले आणि मुंबई येईपर्यंत धुसफुसत होते.

महासाथीच्या दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी काका घरी आले, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे कोपरापर्यंत हात धुतले आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. काकू पोळ्या लाटत होत्या. मी भाजी निवडत होते.

"आजपासून माझे आठवड्याचे तास चव्वेचाळीसचे बावीस झाले," काका म्हणाले.

काकूंचं लाटणं थांबलं. "आणि पगार?"

"त्याच प्रमाणात. तौकेने आकडा बरोबर काढलाय. मी तपासला."

"तपासलात? पगार अर्धा झाला आणि तुम्ही भागाकार तपासत बसलात?"

"तो रडत होता गं," काका म्हणाले. "रडताना चूक होऊ शकते."

काकूंनी पुढची पोळी लाटायला घेतली. फ्लॅटचे हप्ते अजून दीड वर्ष जायचे होते आणि ते पगारातूनच जायचे. हप्ते थकले तर फ्लॅट विकायचा आणि मिरजेला परतायचं, हे दोघांनाही बोलून न दाखवता कळलेलं होतं. काकूंनी मला दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमधल्या कुंड्यांना पाणी घालता घालता सांगितलं, "मिरजेला मला ओळखणारं आता कोण राहिलंय? इथे लिफ्टमध्ये जेवढी माणसं मला हाक मारतात तेवढी तिथे अख्ख्या गल्लीत नाहीत. मला नाही जायचं गं." सेंगकांगला मैत्रिणीबरोबर राहायला जायचं माझं तेव्हा ठरत आलं होतं. ते मी रद्द केलं. माझ्या भाड्याचाही त्या घराला टेकू होता, हे खरं. पण काकूंच्या हातचं जेवण मला सोडवत नव्हतं, हेही तितकंच खरं.

सोमवार, मंगळवार आणि बुधवारी अर्धा दिवस, एवढंच आता कामाला जायचं होतं. पहिला गुरुवार काकांनी घरी काढला. त्या एका दिवसात त्यांनी घरातली तिन्ही घड्याळं जुळवली, गॅसच्या शेगडीची पातळी बघितली आणि काकूंच्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या एकसारख्या नाहीत हे सिद्ध केलं. शुक्रवारी काकूंनीच त्यांना बाहेर काढलं. "जरा पाय मोकळे करून या. तुमचे नाहीतर माझे तरी." तेव्हापासून सुटीच्या दिवशी ते सकाळी कापडी पिशवी घेऊन निघत आणि संध्याकाळी येत. काकूंची समजूत अशी की ते लायब्ररीत पेपर वाचत बसतात.

सरकारी मदतीचं कळलं ते शेजारच्या मलाय बाईंकडून. त्यांचा नवरा टुरिस्ट बस चालवायचा, त्याची नोकरी पार गेली होती आणि त्यांना ती मिळत होती. काकूंनी मला कॉरिडॉरमधूनच हाक मारली, "अगं, तू कॉम्प्युटरवाली ना? यांचा अर्ज भरून दे." मी स्वतः एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी असेपर्यंतच्या परवान्यावर. माझी नोकरी गेली असती तर मला फक्त सामान बांधायला मुदत मिळाली असती. काका मात्र कधीच इथले नागरिक झाले होते, त्यांचा हक्कच होता.

"ती बेकार माणसांसाठी आहे," काका म्हणाले. "मी बेकार नाही."

"अर्धे आहात," काकू म्हणाल्या.

"मग अर्ध्यांसाठी वेगळी असेल."

मी नियम वाचून दाखवले. ज्यांचे तास कमी होऊन पगार निम्म्यावर आला आहे त्यांनाही ती होती. काकांचा माझ्यावर विश्वास होता, पण वाचलं त्यांनी स्वतः. तळटीपांसकट, चष्मा पुसत पुसत, चहा गार होईपर्यंत. मग म्हणाले, "बरोबर आहे. मी यात बसतो." मी आणि काकूंनी एकमेकींकडे बघितलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

रविवारी दुपारी अर्ज भरायला बसलो. नाव, पत्ता, कंपनी, सगळं सुरळीत झालं. मग प्रश्न आला, सध्या आठवड्याला किती तास काम करता? मी बावीस टाइप केलं.

"चव्वेचाळीस," काका म्हणाले.

"ते आधी होते, काका. सध्या किती, असं विचारलंय."

"सध्याचंच सांगतोय. पगार बावीस तासांचा मिळतो. काम चव्वेचाळीसच तास आहे."

काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. "उरलेले तास कुठे करता?"

"गुरुवारी पासिर रिसचं मार्केट. शुक्रवारी इथलं. शनिवारी सकाळी दोन-चार दुकानं."

"तौकेने सांगितलंय?"

"छे. त्याला माहीतही नाही. त्याला कशाला ओशाळं करायचं?"

"म्हणजे तुम्ही पाय मोकळे करायला म्हणून..."

"पाय मोकळे होतातच की."

काकू आत गेल्या. थोड्या वेळाने आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

मी काकांना समजावलं की अर्जात काम म्हणजे पगाराचं काम. "असं लिहिलंय का कुठे?" त्यांनी विचारलं. मी शोधलं. लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका काढण्यावर माझं पोट चालतं, त्यामुळे तो फॉर्म सदोष आहे हे मला कबूल करावंच लागलं आणि त्याचाच मला संताप आला. तासभर वाद घालून शेवटी तडजोड झाली. रकान्यात बावीस लिहायचं आणि सोबत काकांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद जोडायचा. बिनपगारी कुठे गेलो, कोणता काटा बघितला, किती ग्रॅम चुकत होता, तारीखवार. आपण रिकामे बसलेलो नाही हे सरकारला कळलं तर सरकार खूशच होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला तसं वाटत नव्हतं. तरीही मी तो कागद अपलोड केला, कारण मला भूक लागली होती आणि वाद नको होता. ती चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

दोन आठवड्यांनी चौकशीसाठी बोलावणं आलं. काकूंनी मला रजा टाकायला लावली. "तू जा बरोबर. एकटे गेले तर हे अर्ज परत घेऊन येतील."

टेबलापलीकडे मास्क लावलेली एक तरुण अधिकारी होती. पुढ्यात काकांचा तो कागद.

"अंकल," ती म्हणाली, "यू वर्किंग ऑर नॉट वर्किंग?"

"ट्वेंटी-टू अवर्स विथ पे," काकांनी सांगितलं. "ट्वेंटी-टू विदाउट."

"विदाउट पे हाऊ कॅन? युअर बॉस आस्क यू टू डू, इज इट?" तिचा आवाज बदलला. मालक बिनपगारी राबवून घेत असेल तर तो गुन्हा आहे आणि तिला तो पुढे कळवावा लागेल, असं तिने सांगितलं.

काका घाबरले. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. "नो, नो. बॉस डझन्ट नो. नॉट हिज फॉल्ट."

"देन व्हाय यू गो?"

काका माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "हिला कसं सांगू गं? तास माझे कमी झालेत. काट्यांचे नाहीत."

मी ते जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. त्या मुलीने तो कागद बोटाने हळूच काकांच्या बाजूला सरकवला. "धिस वन, अंकल, यू टेक बॅक. आय नेव्हर सी."

मी कागद उचलायला हात पुढे केला, तोच काकांनी तो पुन्हा तिच्याकडे सरकवला.

"बट यू हॅव सीन," ते म्हणाले.

त्या क्षणी मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. घरी काकू वाट बघत बसलेल्या, समोर ही बिचारी मुलगी नियम वाकवायला तयार झालेली, आणि हा माणूस तिलाच तिने काय पाहिलं ते सांगतोय! तिने सुस्कारा टाकला आणि सरळ शब्दांत सांगितलं. दोनच वाटा आहेत. चव्वेचाळीस तास काम करत असाल तर मदत नाही आणि मालकालाही विचारणा होईल. बावीस करत असाल तर मदत मिळेल, पण मग खरोखर बावीसच. एक मिनिटही वर नाही. तसं लिहून सही करायची. "यू चूज, लाह."

काकांनी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"फ्रॉम टुडे, अंकल."

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, परत ठेवली, तिचं पेन मागून घेतलं आणि सही केली. ट्रेनमध्ये ते माझ्या शेजारी बसले. यिशुन यायच्या आधी म्हणाले, "आज गुरुवार. आज पासिर रिसला जायचं होतं." मी काहीतरी दिलासा द्यायला हवा होता. मी फोनमध्ये डोकं घातलं. आजही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

मदत मंजूर झाली. हप्ते जात राहिले, घर राहिलं. अजूनही आहे, मी दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जाते. पण त्यानंतरचे ते काही आठवडे मात्र वाईट गेले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमधल्या खुर्चीत बसत. पेटी कपाटावर. पेपर हातात, पण पान उलटलेलं नाही. कशावर बोट ठेवणं नाही, काही विचारणं नाही. एके दिवशी काकूंनी विचारलं, "थोडा भात वाढू?" आणि काका म्हणाले, "वाढ."

काकू डाव हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. नंतर ओट्यापाशी मला म्हणाल्या, "घर वाचवलं गं आपण. माणूस तेवढा वाचवायचा राहिला." आणि पदराने डोळे पुसून त्यांनी कढई घासायला घेतली. मीही रडले. मला वाटत होतं की त्या कार्यालयात मी त्यांना गदागदा हलवलं नाही, पण फॉर्म भरून तेच केलं होतं.

आणि मग एका गुरुवारी दुपारी जाळीच्या दरवाज्याबाहेर कुणीतरी ओरडलं. मी घरूनच काम करत होते, उठून बाहेर आले. पासिर रिसच्या मार्केटमधली मासळीवाली आंटी होती. ठेंगणी, गमबूट घातलेली, घामाघूम. सोबत चाकांची पिशवी आणि पिशवीत तिचा काटा. ब्लॉकचा नंबर विचारत विचारत, दोन बस बदलून ती बेटाच्या पार दुसऱ्या टोकाहून आली होती.

"डाचिंग अंकल! यू सिक आह?"

काका जाळीशी गेले, पण कुलूप काढलं नाही. "नॉट सिक. टुडे नॉट माय डे."

"देन व्हिच डे?"

"नो डे," काका म्हणाले. "सॉरी."

"सॉरी फॉर व्हॉट! एव्हरी कस्टमर से आय चीट. थर्टी यर्स आय सेल फिश, नोबडी से आय चीट! यू टेल मी, ही चीट ऑर आय चीट?" तिने पिशवीतल्या काट्यावर थाप मारली. मास्कच्या वर तिचे डोळे भरून आले होते. काकांनी जाळीची सळई घट्ट धरली होती. तरी कुलपाकडे हात गेला नाही.

मागून काकू आल्या. कणकेचे हात तसेच. त्यांनी काकांना बाजूला सारलं, कुलूप काढलं आणि आंटीला म्हणाल्या, "कम, कम. सिट."

"अगं, मी सही केलीय," काका म्हणाले. "बावीस."

"तुम्ही केलीय. मी कुठे केलीय?" काकू म्हणाल्या. "त्या अर्जात माझे तास विचारलेत का कुणी?"

त्यांनी स्टुलावर चढून कपाटावरची पेटी उतरवली आणि जेवणाच्या टेबलावर आणून उघडली. काका हबकून बघत राहिले. मग त्यांनी आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि हात मांड्यांखाली दाबून बसले. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन उभी. आंटीने काटा टेबलावर ठेवला. काकूंनी अर्ध्या किलोचं वजन उचललं आणि ताटलीत ठेवलं.

"पाचशेचं ठेवलंय," त्या मोठ्याने म्हणाल्या, "दाखवतोय पाचशे वीस. की तीस?"

"ट्वेंटी," आंटी म्हणाली.

"थर्टी वाटतंय मला," मी म्हणाले.

काकूंनी वजन उचलून परत ठेवलं. काटा तिसरीकडेच गेला. पुढच्या खेपेला आणखी कुठेतरी. वजनाला आता कणीक लागली होती. भिंतीकडे तोंड केलेल्या काकांचे खांदे प्रत्येक खेपेला वर जात होते आणि खाली येत होते. आमच्या तिघींचा गोंधळ त्यांना पाठीमागून ऐकू येत होता आणि तो त्यांना सहन होत नव्हता. पण ते वळले नाहीत. दिलेल्या शब्दाखातर माणूस किती सोसू शकतो ते मी त्या पाठीकडे बघून शिकले.

मग त्यांनी न वळता मला हाक मारली. "तो अर्ज उघड."

"आत्ता?"

"आत्ता. शिकवणं हे काम धरतात का, बघ."

मी अर्ज उघडला. नियम पहिल्यापासून वाचले. वरवर नजर टाकून सांगता आलं असतं, पण मी एकेक ओळ वाचली, कारण मला त्यांना खरं उत्तर द्यायचं होतं.

"नाही काका. शिकवण्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"तळटीपा?"

"त्याही वाचल्या."

"प्रशिक्षण वगैरे?"

"घेण्याबद्दल आहे. देण्याबद्दल नाही."

"घरच्या माणसाला?"

"घरच्या माणसाचा उल्लेखच नाही कुठे," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की, काका."

काका उठले. त्यांनी खुर्ची वळवली, टेबलाशी आणली, काकूंच्या अगदी शेजारी ठेवली आणि बसले. काट्याला त्यांनी हात लावला नाही.

"आधी," ते काकूंना म्हणाले, "हात धुऊन कोरडे कर."